शाळेची हजेरी इंटरनेटवर : रोजमेळ जाणणाऱ्यांनी काय पाहावे?

नागपूर आणि कामठीच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांमध्ये आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव पदाधिकारी आहेत. अशा संस्थांपुढे हल्ली एक नवा खर्च येतो : मुलांची हजेरी इंटरनेटवरून घेण्याची व्यवस्था. विकणारा येतो, रंगीत तक्ते दाखवतो, आणि ‘हे संगणकाचे काम, आपल्याला काय कळणार’ असे म्हणून आपण सही करतो. तसे करू नये. हजेरीची वही म्हणजे मुलांचा रोजमेळ आहे आणि रोजमेळ कसा ठेवावा हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

व्यवस्था म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घेऊ. शिक्षक वर्गात मोबाइलवर हजेरी भरतात. ती नोंद शाळेच्या एका संगणकात न राहता दूरच्या सर्व्हरवर जमा होते. मुख्याध्यापक कार्यालयातून आणि पालक घरून तीच वही पाहू शकतात, ज्याला जेवढी परवानगी असेल तेवढी.

हजेरीला पैशाचे मोल असते. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य देण्याचे ठरले होते. जिथे नोंदीला मोल, तिथे खोटी नोंदही आलीच. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. पटावरची कितीतरी मुले वर्गात नव्हती. पुढे २०१५ मध्ये ‘सरल’ ही संगणकीय व्यवस्था आली आणि २०२३ च्या अखेरीस शिक्षकांना स्विफ्टचॅट ॲपवर रोजची हजेरी भरण्यास सांगण्यात आले. ही झाली सरकारची मोजणी. शाळा स्वतःच्या पैशाने व्यवस्था करते, तेव्हा तिच्याकडून आणखी एक काम झाले पाहिजे : मूल आज आले नाही, हे आजच घरी कळले पाहिजे. पुढील गोष्टी याच कसोटीवर पाहाव्यात.

पहिली गोष्ट, खाते नावाने नव्हे, क्रमांकाने ठेवावे. आपला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, कारण २७ म्हणजे महाराष्ट्र. शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकातही पहिले २७ राज्याचे आणि पुढचे ०९ नागपूर जिल्ह्याचे. तसाच प्रत्येक मुलाला न बदलणारा क्रमांक हवा. आपल्या मुलांच्या नावांचे काय होते ते आपण जाणतोच. उर्दू दाखल्यावर एक, मराठी कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मो.’, आधारवर आणखी तिसरेच. नावावरून जुळवणी केली तर एका मुलाची दोन खाती होतात किंवा दोन मुले एकाच खात्यात जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज अशाच ठिकाणी अडतो. नावासाठी उर्दू, मराठी आणि इंग्रजी असे तीन रकाने असावेत, पण हिशेब क्रमांकावर चालावा.

दुसरी गोष्ट, ‘गैरहजर’ आणि ‘नोंद नाही’ या दोन वेगळ्या बाबी आहेत. गोदामात माल शून्य असणे आणि माल मोजलाच नसणे यात जो फरक, तोच इथे. काही व्यवस्था सर्व मुले आपोआप हजर धरतात आणि शिक्षकाने फक्त गैरहजर मुलांवर बोट ठेवायचे असते. वेळ वाचतो हे खरे. पण शिक्षकाने त्या दिवशी हजेरी घेतलीच नाही, तर सारा वर्ग हजर दिसतो. म्हणून शेवटी ‘हजेरी पूर्ण’ असे बटण हवे. ते दाबले जात नाही तोवर त्या वर्गाचा रकाना कोराच राहावा आणि मुख्याध्यापकांना तो कोरा दिसावा.

तिसरी गोष्ट, खाडाखोड नको. चोख मुनीम चुकीची रक्कम खोडत नाही, उलट नोंद घालतो. मूल उशिरा आले आणि ‘गैरहजर’चे ‘हजर’ करायचे, तर जुनी नोंद तशीच राहावी. नव्या नोंदीखाली कोणी, केव्हा आणि का बदलले हे लिहिले जावे. यासाठी प्रत्येक शिक्षकाचा पासवर्ड वेगळा हवा. सर्वांचा पासवर्ड एकच असेल, तर ती वही कोणाचीच नाही.

चौथी गोष्ट, नेटवर्क. ते गेले तरी हजेरी थांबू नये. मोबाइलने नोंद स्वतःजवळ ठेवावी आणि नेटवर्क येताच पाठवावी. मात्र प्रत्येक नोंदीला चलनासारखा स्वतंत्र क्रमांक असावा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी एकदाच जमा होईल.

पाचवी गोष्ट, सुट्ट्यांचा तक्ता शाळेच्या हाती असावा. उर्दू शाळांत शुक्रवारची वेळ निराळी असते, रमजानमध्ये शाळा सकाळी भरते. विकणाऱ्याने एकच तक्ता पक्का करून दिला, तर मुले वर्गात असूनही उशिरा आलेली ठरतील.

सहावी गोष्ट, घरी जाणारा संदेश. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. उर्दू किंवा देवनागरीची ७०च, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. त्यापुढे दुसऱ्या संदेशाचे पैसे लागतात. ‘आज आपला मुलगा शाळेत आला नाही. शिक्षकांना फोन करावा.’ एवढे पुरे. क्रमांक फक्त वडिलांचा घेऊ नये. ते दिवसभर बाजारात असतात. आईचा क्रमांकही नोंदवावा.

सातवी गोष्ट, अंगठ्याचे यंत्र. २०१८ मध्ये राज्याने कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, कारण मुले पटावर महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात शिकवणीवर्गात असत. लहान मुलांच्या शाळेत याची गरज आम्हाला वाटत नाही. शिक्षक मुलाला ओळखतात. हातकामाने झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही, हा अनुभव तर कारागिरांना आहेच. शिवाय पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. म्हणून जेवढी माहिती लागते तेवढीच घ्यावी.

सौदा करताना दोन अटी लेखी घ्याव्यात. एक, माहिती शाळेच्या मालकीची राहील आणि करार संपल्यावर ती पूर्ण परत मिळेल. दोन, आधी एका वर्गात एक महिना कागदी हजेरीपट आणि ही व्यवस्था सोबत चालेल. दोन्हींचा मेळ बसला तरच पुढचे पैसे.

इतके करूनही एक काम संगणक करणार नाही. आपल्याच शहरात १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांची गैरहजेरी ही तिथली मोठी अडचण होती. नुसती नोंद ठेवून कामगार येत नाही हे त्यांनी ओळखले आणि त्याला टिकून राहावेसे वाटेल अशा सोयी केल्या. १८८६ मध्ये पेन्शन फंडही उभा केला.

शाळेचे तसेच आहे. तीन दिवस सलग गैरहजर मुलांची यादी रोज निघावी आणि संस्थेच्या एखाद्या सदस्याने ती हाती घेऊन त्या घरी जावे. कुठे फी थकली असेल, कुठे आजारपण असेल. आणि ईद किंवा लग्नसराईच्या आधीच्या यादीत अशी मुलेही निघतील जी आपल्याच बाजारात सापडतील : कापड उचलताना, चहा पोहोचवताना, जरीकामाच्या चौकटीवर. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ पासून सर्वच धंद्यांत मना आहे. घरच्या धंद्यात हात लावायचा तोही शाळा सुटल्यावर. व्यवस्थेसाठी देणगी देणाऱ्या बांधवाने सकाळी अकरा वाजता आपल्या दुकानात कोण उभे आहे तेही पाहावे. ते मूल त्या वेळी शाळेच्या वहीत गैरहजर असेल, तर त्याला शाळेत पाठवणे ही त्याच्या देणगीहून मोठी मदत आहे.