भातावरील तुडतुडा व त्याची अंडी शोषणारा ढेकूण

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर खरे. परंतु धामणकर नाक्यावरील दाट वस्ती मागे टाकून तालुक्यातील खेड्यांत गेल्यास पावसाळ्यात भातखाचरे दृष्टीस पडतात. भाताच्या शेतीत अर्धपंखी गणातील दोन कीटकांचा परस्परसंबंध विशेष अभ्यसनीय आहे.

या गणात जबड्यांच्या चार सूच्या झालेल्या असून त्या खालच्या ओठाच्या खोबणीत असतात. आतील दोन सूच्या जुळून दोन नलिका बनतात. एकीतून लाळ आत सोडली जाते, दुसरीतून रस वर ओढला जातो. तपकिरी तुडतुडा ही सोंड भाताच्या बुंध्यात खुपसून परिकाष्ठातील रस शोषतो. त्याची संख्या फार वाढली म्हणजे रोपे गोलाकार चट्ट्यांत करपून जातात. सिर्टोऱ्हिनस नावाचा लहानसा मिरिड ढेकूण मात्र तशाच सोंडेने त्या तुडतुड्याची अंडी शोषून घेतो.

तुडतुड्याची अंडी पर्णकोषाच्या ऊतकात घातलेली असल्यामुळे कीटकनाशकाच्या फवाऱ्यातून पुष्कळशी वाचतात. सिर्टोऱ्हिनस व कोळी मात्र मरतात. नंतर बाहेर पडणाऱ्या पिलांस शत्रू उरत नाही आणि फवारणीनंतर कीड उलट बळावते. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली, ती अशाच अनुभवानंतर होय.

तात्पर्य, केवळ सोंड आहे म्हणून कीटक पिकाचा शत्रू ठरत नाही. ती सोंड रोपात शिरते की किडीच्या अंड्यात, हे खाचरात उतरून पाहिल्यावाचून केलेली फवारणी शेतकऱ्याचाच रक्षक मारते.