गोल्फच्या चेंडूवरील खळगे

गोल्फचे शौकीन एकत्र जमले की काठ्यांइतकीच चेंडूंचीही चर्चा रंगते. आम्हांस मात्र कुतूहल आहे ते चेंडूच्या अंगावरील खळग्यांचे. गुळगुळीत चेंडूच अधिक दूर जावयास नको काय?

स्कॉटलंडमध्ये पूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू करीत. एका चेंडूला टोपीभर पिसे! साहजिकच तो महाग पडे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नामक झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला. सेंट अँड्र्यूजचे कारागीर ॲलन रॉबर्टसन यांना आपल्या धंद्याची धास्ती वाटली; शिष्य टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळले, एवढ्यावरून दोघांचे बिनसले.

या नव्या चेंडूची गंमत अशी, की कोरा असता तो हवेत डगमगे आणि ओरखडे पडल्यावर सरळ जाई. तेव्हा कारागीर हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले. त्यांतूनच पुढे खळगे आले. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा पातळ थर खवळतो व पृष्ठभागाला अधिक मागपर्यंत चिकटून राहतो. त्यामुळे मागील भोवरे आवरतात व हवेचा विरोध घटतो. गुळगुळीत चेंडू याच्या जेमतेम निम्मे अंतर कापतो.

चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा, असा नियम आहे. खळगे किती असावेत, याविषयी मात्र नियम मौन पाळतात.