गर्दी खरी की बुजगावणी?

ज्वारीचे कणीस भरू लागले की आपण शेतात बुजगावणे उभे करतो. काठीला जुना सदरा, वर मडके. पाखरांना वाटते, राखणदार उभा आहे. हीच युक्ती आज माणसांवर चालविली जात आहे, आणि ती चालते आपल्या हातातल्या मोबाईलवर.

आधी खरी गर्दी कशी असते ते पाहू. मुंबईचे गोरेगाव हे एके काळी ग्रामपंचायतीचे गाव होते. तिथल्या मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. पाण्यासाठी त्या एवढ्या झगडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ पासून महागाईविरुद्ध बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांतही त्या पुढे होत्या. त्या मोर्चातल्या प्रत्येक बाईला नाव होते, घर होते, चूल होती. कोणी विचारले तर ती आपले गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने सांगू शकत होती.

मोबाईलवर एकच माणूस पन्नास नावांनी बोलू शकतो. खोटी नावे, उसने फोटो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य! वाचणाऱ्याला वाटते, सारा मुलूख हेच म्हणतो आहे. १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुक कंपनीने काँग्रेसच्या आयटी विभागाशी संबंधित लोकांची ६८७ पाने व खाती बंद केली. त्याच दिवशी सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी संबंधित लोकांची, भाजपची बाजू मांडणारी १५ पाने व खातीही बंद झाली. ती संख्येने थोडी, पण त्यांच्यामागे सुमारे २६ लाख खाती होती. तेव्हा हा रोग एकाच पक्षाचा आहे, असे समजू नका.

गर्दी खोटी असली, तरी तिने पेटविलेला राग खरा असतो. आज एक चिडका मजकूर वाचला की उद्या तसेच दहा समोर येतात. रोज तेच वाचणारे पोर हळूहळू शेजाऱ्याला शत्रू मानू लागते. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणाऱ्या एका ॲपच्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी काही तरुणांना अटक केली. त्यांत एक मुलगी अवघी १८ वर्षांची होती, तर एक मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंग शिकणारा. एवढ्या कोवळ्या वयाची ही मुले!

आपल्या खेड्यापाड्यांनीही याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. तिथे राजकारण नव्हते, नुसती अफवा होती. परंतु 'सगळेच सांगताहेत' हा समज तोच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली.

मग घरात काय करावे? निरोपावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे असे समजा. तोच मजकूर शब्दन् शब्द चार नावांनी आला, तर ती चार माणसे नसण्याचा संभव मोठा. खाते कधी उघडले, त्यावर राजकारणाखेरीज सुखदुःखाचे काही आहे का, तेही पाहा. गावात भीती पसरविणारा निरोप आला, तर पुढे ढकलण्याआधी पोलीस पाटलांना विचारा. आणि मुलगा एकाएकी कोणाविषयी कडवट बोलू लागला, तर त्याच्यावर ओरडू नका. हे कोठे वाचलेस, सांगणाऱ्याला तू कधी भेटलास का, एवढे शांतपणे विचारा.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, पावती मागतो. मोबाईलवरच्या मतालाही तोच हिशेब लावा.