रंगावरून कोरलची जात ओळखता येते?

निळ्या दिव्याखाली काढलेला फोटो आणि सोबत प्रश्न : ‘ही कोणती जात?’ रीफ टँक ठेवणारे हे इतक्यांदा विचारतात की उलट विचारावंसं वाटतं, सांगाडा पाहिलात का?

गैरसमज : फोटोतला रंग पाहून जात सांगता येते.

वस्तुस्थिती : नाही. कोरलचा तपकिरी रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. झगझगीत हिरवा, लाल, जांभळा रंग येतो कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांमुळे. ही प्रथिनं किती बनतील, हे बऱ्याच जातींत निळ्या प्रकाशावर ठरतं, असं द’आंजेलो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे दिवा बदलला की रंग बदलतो, जात तीच राहते.

‘मग आकार बघू’ म्हणाल, तर हॅमर कोरल घ्या. फिम्ब्रिअ‍ॅफिलिया अँकोरा आणि फिम्ब्रिअ‍ॅफिलिया पॅरँकोरा, दोघांचेही फुललेले पॉलिप हातोडीच्या टोकांचे, अगदी सारखे. फरक खाली आहे : अँकोराचा सांगाडा सलग, नागमोडी भिंतीसारखा, तर पॅरँकोराचा सुट्या फांद्यांचा. पॉलिपनी सांगाडा झाकलेल्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणारा अंदाजच सांगत असतो. आणि हा फरक कागदापुरता नाही. फांदी कापून फ्रॅग (वाढवायला वेगळा केलेला तुकडा) करणं सोपं, पण भिंत कापायची तर जिवंत ऊतीवरच सुरी चालते आणि वसाहत दगावू शकते.

काही वेळा सांगाडाही चकवतो. पोरायटीसमध्ये आकार आणि डीएनए यांचा मेळ बसत नाही, हे फोर्समन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या एका नावाखाली अनेक जाती मोडत होत्या. त्यांची फेरमांडणी २०१४ मध्ये झाली.

आणखी काही गैरसमज

‘जुन्या पुस्तकातलं नाव पक्कं.’ हॅमर आधी युफिलिया या वंशात होतं, २०१७ मध्ये फिम्ब्रिअ‍ॅफिलियात गेलं. ‘अ‍ॅकन लॉर्ड’ हे कोरल २०१६ पासून मायक्रोमुसा आहे.

‘होली ग्रेल टॉर्च ही वेगळी जात.’ ते विक्रीचं नाव. त्याने किंमत कळते, जात नाही.

‘झोअँथिड कोणतं का असेना, निरुपद्रवीच.’ झोअँथिड हे कोरलचे मऊ नातलग, त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. २०१२ ते २०१४ दरम्यान अलास्कात दुकानांत आणि घरांत त्याच्या विषबाधेचे संशयित रुग्ण आढळले. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने त्याचा अहवाल दिला. म्हणूनच झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका.

‘मालवणहून कोरलचा एक तुकडा आणला, तर काय बिघडलं?’ दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. मेलेला तुकडा उचलला तरी गुन्हाच.

तेव्हा नाव विचारायचं असेल, तर पॉलिप मिटलेले असताना, पांढऱ्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून सांगाड्याचा फोटो काढा. तरीही खात्री नसेल, तर चिठ्ठीवर, उदाहरणार्थ, नुसतं ‘अ‍ॅक्रोपोरा एसपी.’ (म्हणजे जात अनिश्चित) लिहा. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा बरोबर असलेलं अर्धं नाव केव्हाही चांगलं.