शून्य गळालं, शेत वाढलं

धाराशिव असो वा परंडा, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. समजा, हा आकडा छापायला एखाद्या प्रोग्रॅमरने स्वतःच कोड लिहिला: आधी हेक्टर, मग टिंब, मग आर. पडद्यावर उमटतं १.५, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर! एक शून्य गळालं आणि शेत ४५ आरने, एकराहून जास्त, वाढलं.

संगणकाच्या पोटात संख्या बायनरीत असते. आपल्याला दिसतात ती अक्षरं. हे रूपांतर सोपं वाटतं, म्हणून जो तो हाताने लिहितो. दहाने भागायचं, बाकी उतरवायची, पुन्हा भागायचं, शेवटी अंकांचा क्रम उलटा करायचा. वर्गात शिकायला हा धडा उत्तम आहे. पण ३२ बिटांत सर्वांत लहान पूर्णांक −२१४७४८३६४८ आणि सर्वांत मोठा २१४७४८३६४७. आधी उणे चिन्ह काढून घेणारा कोड इथे फसतो, कारण चिन्ह काढलेली संख्या मावतच नाही.

अपूर्णांकांचं दुखणं याहून जुनाट. ०.१ बायनरीत नेमका लिहिताच येत नाही. कमीत कमी अंक छापावेत, तरी ते परत वाचल्यावर तीच संख्या मिळावी, हे कसं साधायचं? गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी त्याची रीत १९९० मध्ये मांडली; २०१८ मध्ये उल्फ अॅडम्स यांची अधिक वेगवान रीत आली. एवढी मेहनत आज प्रोग्रॅमिंग भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीत आयती मिळते. ती सोडून घरचा कोड चालवण्यात काहीच शहाणपण नाही.

मराठीचीही सोय झाली आहे. २०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. घरच्या कोडमध्ये बहुधा तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम पडतो आणि लाखाचा हिशेब बिघडतो. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठीची लाख-कोटींची मांडणी आणि देवनागरी अंक दोन्ही नोंदलेले आहेत. जावास्क्रिप्टच्या ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला भाषा मराठी, देश भारत एवढं सांगितलं की पुरतं. क्षेत्रासाठी दशांशानंतर दोन स्थळं हवीत, हे मात्र आपणच सांगायचं.

तुळजापूर-धाराशिवच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, गावासाठी ॲप करताना तयार फंक्शनच वापरा आणि ०, १.०५, १.५० व एखादी ऋण संख्या छापून बघितल्याशिवाय ते कुणाच्या हाती देऊ नका.