लायब्ररीत शिलाई मशीन कशाला? हेलसिंकीच्या ‘ओदी’ची गोष्ट

फिनलंडच्या संसदेसमोर, राजधानीतल्या मोक्याच्या जागेवर काय बांधायचं? मॉल? सरकारी कार्यालय? हेलसिंकीने तिथे लायब्ररी बांधली. नाव ‘ओदी’. फिन्निश भाषेत याचा अर्थ स्तोत्र किंवा गौरवगीत. ती ५ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी उघडली.

आत गेलात तर आधी पुस्तकं दिसतच नाहीत. तळमजल्यावर कॅफे, सिनेमागृह आणि मोकळी जागा. पहिल्या मजल्यावर थ्रीडी प्रिंटर, शिलाई मशीन, गाणी रेकॉर्ड करायचे स्टुडिओ. पुस्तकं सगळ्यात वर, साधारण एक लाख. बाकीची शहरातल्या इतर शाखांतून मागवता येतात, म्हणून इथे कपाटांची दाटी करावी लागली नाही. कपाटंही बुटकी, त्यामुळे या टोकावरून त्या टोकापर्यंत नजर जाते. मुलं खेळत असतात, बाबागाड्या फिरत असतात आणि कुणी ‘शूऽऽ’ करत नाही.

मग वाचणाऱ्याने काय करायचं? खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर इमारतीच्या रचनेत आहे. गडबडीची कामं खाली, वाचन वर. ज्यांना अगदी शांतता हवी त्यांच्यासाठी वेगळी खोली. ‘सगळ्यांसाठी खुली’ म्हणजे सगळ्यांना एकाच हॉलमध्ये कोंबणं नव्हे.

तळमजला इतका मोकळा कसा, याचंही कारण मजेशीर आहे. जमिनीखालून भविष्यात रस्त्याचा बोगदा जाऊ शकतो म्हणून जागा राखलेली होती. तिथे खांब रोवता येईनात. मग ‘एएलए’ या वास्तुरचनाकारांनी १०० मीटरहून लांब पोलादी कमानी टाकून इमारत पुलासारखी उभी केली. स्पर्धेत ५४४ आराखडे आले होते, त्यातून हा निवडला गेला.

खर्च सुमारे ९.८ कोटी युरो. एवढा पैसा कशासाठी? फिनलंडच्या ग्रंथालय कायद्यात लोकशाही आणि नागरिकांचा सहभाग वाढवणं हे ग्रंथालयाचं कामच मानलंय. शिवाय बाहेर कडाक्याची थंडी असताना एक रुपयाचीही खरेदी न करता तासन्‌तास बसता येईल अशा जागा शहरात उरतात तरी किती?

आपल्याकडे १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. पण त्यांचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तकं आणि नियतकालिकं मोजली जातात. किती लोक येऊन बसले, बोलले, काही शिकले, याला फारसं वजन नाही. दुसरीकडे स्पर्धा परीक्षा देणारी पोरं पुण्यात खाजगी अभ्यासिकांना दरमहा पैसे भरून एक खुर्ची मिळवतात.

‘ओदी’ची नक्कल परवडणार नाही, हे उघड आहे. पण वाचनालय रविवारी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवणं, कुलूपबंद कपाटं खुली करणं, बोलण्यासाठी एक कोपरा सोडणं, याला युरो लागत नाहीत. रविवारी पगारी माणूस मात्र लागतो आणि अनुदानाचं गणित तिथेच अडतं.