पाळणा आणि प्रयोगशाळा



‘संसार सांभाळून तिने संशोधन केले,’ असे एखाद्या विदुषीविषयी आपण कौतुकाने म्हणतो. संसार तिनेच सांभाळावयाचा, हे त्या वाक्यात आपण गृहीत धरलेले असते. आणि तो नेमका कशाच्या बळावर सांभाळला गेला, हे विचारावयाचे राहून जाते. तोच प्रश्न आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. नोकरी करणाऱ्या कोणत्याही मातेला ओढाताण चुकत नाही. परंतु संशोधनाची गोष्ट थोडी निराळी आहे. कचेरीतील टेबलावरचे काम रजेच्या काळात दुसरा कोणी उरकतो. संशोधकाचे अर्धे राहिलेले काम बहुधा तसेच पडून राहते. दुसऱ्याने पुरे केलेच, तर ते त्याच्या नावावर जमा होते. प्रयोगाला रविवार नसतो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना ठरल्या वेळी अन्न घालावेच लागते. त्यात वयाचा हिशेब येतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे, पुढे तात्पुरत्या फेलोशिपा. कायमची जागा मिळेतो तिशी उलटलेली असते. मूल होण्याची वर्षेही नेमकी हीच. आणि निवडसमिती तर छापून आलेले निबंध मोजते. मधल्या दोन रिकाम्या वर्षांत घरी काय घडत होते, ते त्या यादीत दिसत नाही.

मग ज्यांना हे साधले, त्यांना ते कसे साधले? मेरी क्यूरी यांची थोरली मुलगी इरेन १८९७च्या सप्टेंबरात जन्मली. १८९८च्या जुलैत पोलोनियमचा आणि डिसेंबरात रेडियमचा शोध जाहीर झाला, तेव्हा हे मूल जेमतेम सव्वा वर्षाचे होते. क्यूरीबाईंची चिकाटी सर्वश्रुत आहे; पण त्या घरातील सासऱ्यांचे नाव आपण क्वचितच ऐकतो. डॉक्टर यूजेन क्यूरी पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे राहावयास आले आणि त्यांनी नातीचा सांभाळ केला. आईबाप प्रयोगशाळेत आणि आजोबा नातीपाशी, अशी ती व्यवस्था होती. हीच इरेन पुढे १९३५ साली स्वतः नोबेल पारितोषिकाची मानकरी झाली.

दुसरे उदाहरण ऑक्सफर्डचे. स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांना १९३८ ते १९४६ या काळात तीन मुले झाली. याच काळात, १९४५ साली, त्यांनी पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडली. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांच्या हातापायांना संधिवाताने ग्रासले, तरी काम थांबले नाही. त्यांच्या सॉमरव्हिल कॉलेजने त्यांची जागा राखली, बाळंतपणाची पगारी रजा दिली. आणि घरी मुलांकडे पाहण्यास मदतनीस होते. १९६४ साली त्यांना नोबेल मिळाले, तेव्हा काही वृत्तपत्रांना त्यांचे गृहिणीपणच मथळ्यात घालावेसे वाटले!

संस्थेने पाठ फिरविली म्हणजे काय होते, तेही पाहा. मारिया गेपर्ट-मायर १९३० साली पतीबरोबर अमेरिकेस गेल्या. पतीच्याच विद्यापीठात पत्नीला नेमावयाचे नाही, असा तेथे दंडक होता. दोन मुले वाढवीत वर्षानुवर्षे त्या बिनपगारी किंवा तुटपुंज्या वेतनावर राबल्या. अणुगर्भाच्या रचनेविषयीचा त्यांचा सिद्धांत १९४९ सालचा. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद मिळाले १९६० साली. आणि तीनच वर्षांनी नोबेल. त्यांचे पती स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक असल्याने घर चालत होते, म्हणून बिनपगारी काम परवडले. ज्यांना परवडले नाही, त्यांची नावे आपणांस ठाऊकच नाहीत.

आपल्याकडे इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण आहे. बर्लिनची डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन, तीन मुलांचा संसार, आणि मानवशास्त्रासाठी घर सोडून गावोगाव भटकंती. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यांच्या पाठीशी पती दिनकरराव सदैव उभे होते. स्वतः फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकविणाऱ्या दिनकररावांना पत्नीचे काम आपल्या कामाहून दुय्यम वाटले नाही.

आज कायद्याने पुष्कळ दिले आहे. १९६१च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक नोकर असलेल्या संस्थेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंत रजा आणि प्रबंधासाठी दोन वर्षे वाढीव मुदत मिळते. खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांना परत कामावर आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ साली एक योजनाही काढली.

पण या नियमांतील एक गोष्ट ध्यानात घ्या. मातेला २६ आठवडे. आणि केंद्र सरकारच्या नोकरीतील पित्याला १५ दिवस. म्हणजे सवलत देतानाही मूल हे आईचेच काम, असे आपण लिहून ठेवले आहे. रजा संपते, तेव्हा मूल सहा महिन्यांचेच असते. त्याची आजारपणे, शाळा, परीक्षा सगळे पुढेच असते. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे यूजेन क्यूरी लागतात, दिनकरराव लागतात. आणि संध्याकाळी सहानंतर बैठक न ठेवणारा विभागप्रमुख लागतो.

तेव्हा आपल्या घरातील सून किंवा मुलगी प्रबंध लिहावयास बसली, तर ‘तुला हे सारे कसे जमते?’ असे कौतुक करून थांबू नका. तिच्या कडेवरचे मूल दोन तास आपल्याकडे घ्या. ज्ञानाच्या सेवेतील तो आपला वाटा होय.